मामा तलावाची वही : पक्षी, मासे आणि पाणी एकाच पानावर कसे मोजायचे

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातल्या माजी मालगुजारी तलावांवर, म्हणजे मामा तलावांवर, पक्षी मोजणारे वेगळे येतात, मासे मोजणारे वेगळे आणि पाण्याचे नमुने नेणारे आणखी वेगळे. तिघांच्या वह्या एकमेकींना भेटत नाहीत. मग चार वर्षांनी कोणी विचारते, इथले वारकरी पक्षी गेले कुठे? त्याचे उत्तर पक्ष्यांच्या वहीत सापडत नाही. ते मत्स्यबीज सोडल्याच्या नोंदीत असते. गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडला, त्याने पाण्याखालच्या वनस्पती फस्त केल्या, त्या वनस्पतींवर जगणारा वारकरी उठून गेला आणि त्याच वनस्पतींना अंडी चिकटवणारे छोटे देशी मासेही कमी झाले. म्हणून इथे सांगितलेली पद्धत एका वहीची आहे. एक तलाव, महिन्यातून ठरलेला एक दिवस, आणि त्या दिवसाची सगळी मोजमापे शेजारी शेजारी.

सुरुवात परवानगीपासून

तलाव ग्रामपंचायतीचा आहे, जिल्हा परिषदेचा की पाटबंधारे खात्याचा, हे आधी विचारा. मासेमारीचा ठेका कोणत्या संस्थेकडे आहे तेही विचारा आणि संस्थेच्या अध्यक्षांना प्रत्यक्ष भेटा. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतला तलाव असेल तर वनविभागाची लेखी परवानगी लागते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे रानपक्ष्यांना पकडणे किंवा त्यांची अंडी हाताळणे गुन्हा आहे. या लेखातल्या कोणत्याही कामासाठी पक्ष्याला हात लावावा लागत नाही.

मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, आणि त्यांच्या दिवसाची मजुरी द्या. कोणता मासा कोणत्या महिन्यात कुठल्या कोपऱ्यात असतो, गाळ कुठे कमरेएवढा आहे, डोंगा (छोटी होडी) कुठून घालायचा, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. तुमच्या यादीत माशाचे गावातले नाव पहिल्या रकान्यात लिहा, शास्त्रीय नाव दुसऱ्या. उलटे केले तर शास्त्रीय नाव चुकल्यावर नोंद कायमची वाया जाते. गावातले नाव असले की दहा वर्षांनीही दुरुस्ती करता येते.

नकाशा आणि ठरलेल्या जागा

उपग्रह चित्रावरून तलावाचा आकार कागदावर उतरवा. त्यावर पाळ (मातीचा बांध), सलंग (जादा पाणी वाहून जाण्याचा सांडवा), तुडुम (पाणी सोडण्याचे दार), येणारे ओहोळ, बेशरमची बेटे, शिंगाड्याची लागवड, कपडे धुण्याचा घाट आणि जनावरे पाण्यावर उतरतात ती जागा दाखवा. मग पक्षी पाहण्यासाठी तीन ते पाच जागा निवडा. सकाळी सूर्य पाठीशी हवा, म्हणून तलावाच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे पाहता येईल अशा जागा आधी धरा. सूर्यासमोर उभे राहिलात तर चक्रांग आणि भुवई बदक दोन्ही काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. शेजारच्या जागांवरून दिसणारे पाण्याचे भाग एकमेकांवर चढणार नाहीत असे पाहा. पळसाचे झाड, दगड, विजेचा खांब अशी सीमेची खूण ठरवा आणि नकाशावर रेघ मारा. प्रत्येक जागेचे जीपीएस वाचन लिहा, पण भरवसा रंगवलेल्या दगडावर ठेवा. साध्या मोबाइलचे वाचन पाच-दहा मीटर सहज चुकते.

याच जागांवरून दर महिन्याला एकाच दिशेने एक छायाचित्र काढा. पाच वर्षांनी सगळ्यात जास्त उपयोग याच छायाचित्रांचा होतो.

पक्षी मोजणे

उजाडल्यावर अर्ध्या तासाने सुरू करा आणि नऊ-साडेनऊच्या आत संपवा. पौषात धुके असेल तर ते विरेपर्यंत थांबा आणि थांबल्याची वेळ लिहा. ८×४२ ची दुर्बीण बहुतेक कामाला पुरते, पण दोनशे-तीनशे मीटरपलीकडची बदके ओळखायला तिपाईवरची मोठी दुर्बीण लागते. तेवढ्या अंतरावर नुसत्या अंदाजाने जात लिहू नका. ‘अनोळखी बदक, ४०’ हीसुद्धा चांगली नोंद आहे.

थवा लहान असेल तर एकेक मोजा. मोठा असेल तर आधी दहा पक्षी मोजून तो तुकडा डोळ्यात बसवा आणि असे किती तुकडे मावतात ते पाहा. मिश्र थव्यात सगळे एकत्र मोजून घ्या आणि जातींचे प्रमाण नंतर काढा. समजा थवा ६०० चा आहे. दुर्बिणीच्या पाच वेगवेगळ्या चौकटींत मिळून २०० पक्षी आले, त्यात अडई १३०, थापट्या ५०, चक्रांग २०. म्हणजे अडई ३९०, थापट्या १५० आणि चक्रांग ६०. पाचही चौकटी थव्याच्या वेगवेगळ्या भागांतून घ्या, कारण एका जातीचे पक्षी थव्यातही घोळक्याने बसतात. मोठ्या थव्याचा अंदाज जवळजवळ प्रत्येक माणूस कमीच करतो, हे लक्षात असू द्या. म्हणून दोघांनी एकमेकांना न सांगता मोजावे. आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर पुन्हा मोजावे.

टिबुकली, पाणकावळे आणि लालसरी बुडी मारतात. त्यांच्यासाठी तीनदा नजर फिरवा आणि तिन्हींतला मोठा आकडा घ्या, सरासरी नको. कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी पानांआड असतात, त्यामुळे त्यांचा आकडा नेहमीच ‘कमीत कमी इतके’ असतो. तसे चिन्ह वहीत करा. मोजून झालेल्या भागातून पक्षी उठून पुढच्या भागात बसले तर ते पुन्हा धरायचे नाहीत. यासाठी उडालेल्या थव्याची वेळ, दिशा आणि संख्या लगेच लिहा.

सगळ्यात मोठी चूक दिवस निवडताना होते. आदल्या दिवशी तलावात जाळे पडले असेल तर निम्मे पक्षी शेजारच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, गेलेले असतात. गावच्या बाजाराच्या आदल्या दिवशी मासेमारी हमखास होते. म्हणून संस्थेकडून जाळ्याचे दिवस विचारून घ्या आणि त्यापासून किमान दोन दिवस सोडून मोजणी ठेवा. जानेवारीची मोजणी महिन्याच्या मध्यावर घ्या. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून त्याच सुमारास होते, तुमचा आकडा तिच्याशी जोडता येतो.

एकही पक्षी दिसला नाही तर शून्य लिहा. रिकामा रकाना म्हणजे ‘पाहिले नाही’, शून्य म्हणजे ‘पाहिले, नव्हते’. या दोन गोष्टी एकदा मिसळल्या की वेगळ्या करता येत नाहीत.

पाणी

तुडुमाच्या पक्क्या पायरीवर किंवा सलंगाच्या भिंतीवर ऑइल पेंटने सेंटिमीटरची पट्टी रंगवा. सलंगावरून पाणी वाहू लागते ती पातळी शून्य धरा, खालचे आकडे उणे. गाळात रोवलेल्या बांबूवर पट्टी रंगवू नका, जनावरे तो हलवतात आणि वर्षभराची मापे निरर्थक होतात. उन्हाळी धानासाठी पाणी सोडायला लागले की पट्टी दर आठवड्याला वाचा. एका महिन्यात पातळी किती उतरली यावर काठावर किती उथळ पाणी उरेल हे ठरते, आणि पक्षी त्यावरच ठरतात. तुतवार, चिखल्या अशा लहान चिखलपक्ष्यांना पायाच्या घोट्याएवढे पाणी लागते. पाण्यात डोके घालून चरणाऱ्या बदकांना साधारण फूटभर, तर बुडी मारणाऱ्या लालसरीला त्याहून खोल. खोलीकरणाच्या कामात जेसीबीने काठ उभा कापला की पाणी वाढते, पण या पहिल्या दोघांची जागा संपते. असे काम झाले असेल तर तारीख, जागा आणि कापलेल्या काठाची लांबी वहीत हवीच.

गढूळपणा मोजायला २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची थाळी घ्या. तिचे चार भाग करून एकाआड एक काळे-पांढरे रंगवा, मधोमध भोक पाडून खाली अर्धा किलोचे वजन आणि वर खुणा केलेली नायलॉनची दोरी बांधा. सुती दोरीची लांबी भिजल्यावर बदलते. सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात डोंग्याच्या सावलीच्या बाजूने थाळी सोडा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, या दोन्हींची सरासरी घ्या. गॉगल काढून ठेवा. आकड्याबरोबर पाण्याचा रंगही लिहा. हिरवे पाणी म्हणजे सूक्ष्म शैवाल, मातकट म्हणजे गाळ. दोन्हींत थाळी तीसच सेंटिमीटरवर नाहीशी होईल, पण कारणे आणि उपाय अगदी वेगळे आहेत. मातकट पाणी पावसाळा संपूनही निवळत नसेल तर तलावात सायप्रिनस (कॉमन कार्प मासा) किती सोडला ते विचारा. तो तळ उकरून खातो, गाळ वर येतो, उजेड तळापर्यंत पोचत नाही आणि बुडालेल्या वनस्पती मरतात.

विरघळलेला ऑक्सिजन पहाटे सगळ्यात कमी असतो, कारण रात्रभर सगळे श्वास घेतात आणि वनस्पती तो तयार करत नाहीत. म्हणून मोजायचा तर सूर्योदयापूर्वी. लिटरमागे ५ मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर ठीक. २-३ च्या खाली गेला की कतला, रोहू पृष्ठभागावर तोंड काढून हवा गिळू लागतात. बाटलीच्या किटने मोजताना बाटली पाण्याखालीच भरा आणि तिथेच बूच लावा. आत एक बुडबुडा राहिला तरी आकडा फुगतो. पीएच दुपारी चढतो, कारण उन्हात वनस्पती पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात. तेव्हा त्याचीही वेळ ठरलेली हवी. पीएच मीटर प्रत्येक फेरीपूर्वी दोन प्रमाणित द्रावणांत, सातच्या आणि दहाच्या, तपासून घ्या.

मासे मरून तरंगले अशी बातमी आली तर पुढच्या महिन्याच्या फेरीची वाट पाहू नका. दुसऱ्या दिवशी पहाटेच ऑक्सिजन मोजा. दुपारपर्यंत तो पुन्हा चढतो आणि कारणाचा पुरावा जातो. ढगाळ, दमट, वारा पडलेल्या दिवसांत आणि वनस्पती कुजत असताना हे जास्त घडते. पण फक्त एका ओहोळाच्या तोंडाशीच मासे मेले असतील तर वरच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, फवारणी झाली का, ते आधी विचारा.

पाणवनस्पती

बांबूची १ मीटर × १ मीटर चौकट बांधा, ती पाण्यावर तरंगते. काठापासून खोल पाण्याकडे तीन रेषा ठरवा आणि प्रत्येक रेषेवर दर दहा मीटरला चौकट टाका. आत कमळ, शिंगाडा, देवधान, जलपर्णी, बेशरम आणि मोकळे पाणी यांनी किती टक्के जागा व्यापली ते लिहा. बुडालेल्या वनस्पतींसाठी दोरीला बांधलेला लोखंडी दाताळा टाकून ओढा आणि हाती आलेल्या वनस्पती ओळखा. वर्षातून दोनदा, ऑक्टोबरच्या शेवटी आणि मार्चमध्ये, इतके पुरे.

मासे

इथे सगळ्यात जास्त आकडे खोटे ठरतात, आणि कारण एकच असते. मासा मोजला जातो, मेहनत मोजली जात नाही. ‘आज अडीच किलो मिळाला’ या वाक्याला शास्त्रात किंमत नाही. किती जाळी, कोणत्या आसाची (आस म्हणजे जाळ्याचे भोक), किती वेळ, किती माणसे, हे सोबत असेल तर आहे.

फेकजाळ्याने काम करायचे असेल तर पाच ठरलेल्या जागी प्रत्येकी चार, एकूण वीस फेकी घ्या. जाळे तेच आणि शक्यतो फेकणारा माणूसही तोच. रिकामी फेक मोजायची. वीस फेकींत चौदा रिकाम्या गेल्या आणि सहांत मिळून २,४०० ग्रॅम मासा आला तर हिशेब १२० ग्रॅम दर फेकीला. रिकाम्या वगळल्या की तोच ४०० होतो, आणि तलाव आहे त्याच्या तिपटीहून जास्त भरलेला दिसतो.

पाण्यात उभ्या लावायच्या जाळ्यांचा संच २०, ४०, ६० आणि ८० मिलिमीटर आसाचा घ्या. आस मोजताना जाळे ओले करून ताणा आणि समोरासमोरच्या दोन गाठींमधले अंतर घ्या. दुकानदार कधी एका बाजूचे माप सांगतो, ते निम्मे असते. ही जाळी रात्रभर लावून ठेवायची सवय असते, पण पाहणीसाठी तसे करू नका. टिबुकली, पाणकावळे आणि कासवे त्यात अडकून गुदमरतात. दिवसा दोन तास लावा, नजरेसमोर ठेवा, अर्ध्या तासाने एकदा फिरून या. पक्षी जमलेल्या बाजूला लावूच नका.

आधी सावलीत वीस लिटरच्या बादल्या तलावाच्या पाण्याने भरून ठेवा. कतला, रोहू, मृगळ आणि छोटे चंदेरी मासे आधी मोजून सोडा, ते लवकर दमतात. मरळ, सिंगी, मागूर हवेतूनही श्वास घेतात, ते थांबू शकतात. सिंगीच्या छातीच्या पराचा काटा विषारी असतो. टोचला तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा आणि दुखणे ओसरले नाही तर दवाखान्यात जा. माशाला हात लावण्यापूर्वी हात ओले करा. कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरले की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा नंतर बुरशी लागून मरू शकतो. तो मेला तरी तुम्हाला कळतही नाही.

मोजायला फळीवर पट्टी ठोका आणि शून्यावर उभी लाकडी अडण लावा. तोंड अडणीला टेकवून शेपटीची दोन्ही टोके जवळ आणा आणि मिलिमीटरपर्यंत वाचा. मासा पाण्याबाहेर अर्ध्या मिनिटाहून जास्त नको. एका जातीचे तीस मासे पुरेत, पण ते जसे हाती येतील तसे घ्या. माणूस नकळत मोठा मासा उचलतो, म्हणून डोळे न लावता बादलीतून काढा. डाव्या कुशीचे एक छायाचित्र पट्टीसह काढा.

लांबी-वजनावरून माशाची तब्येत कळते. ग्रॅममधल्या वजनाला १०० ने गुणा आणि सेंटिमीटरमधल्या लांबीच्या घनाने भागा. ३० सेंटिमीटरचा ३०० ग्रॅमचा रोहू १.११ देतो. वेगवेगळ्या जातींची तुलना या आकड्यावर करायची नाही. त्याच तलावातल्या त्याच जातीची, त्याच महिन्यातली मागच्या वर्षीशी करा. अंडी भरलेली मादी पावसाळ्याच्या तोंडावर जड लागते, ती तब्येत समजू नका.

स्वतः जाळे न टाकताही निम्मी माहिती मिळते. संस्थेचा मासा पाळीवर वजन होतो तिथे महिन्यातून दोनदा बसा. जातवार वजन, किती जण गेले, किती तास होते, इतके विचारा. बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) कोणती, किती आणि कोणत्या तारखेला सोडली, हे त्यांच्या रजिस्टरवरून घ्या. भाव विचारू नका. तो विचारला की वसुलीचा माणूस समजून पुढची उत्तरे बदलतात.

जून-जुलैत पहिल्या जोरदार पावसानंतर मासे सलंगावरून आणि ओहोळांतून वर धानाच्या बांध्यांत चढतात. ते दोन-तीन दिवस मोजमापासाठी मासा पकडू नका. सलंगाशी उभे राहून पंधरा मिनिटांत किती मासे चढले ते मोजा, दर तासाला एकदा. वाटेत जाळे किंवा बांध आडवा आहे का, तेही लिहा.

सारस दिसला तर

महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यात आणि थोडा भंडाऱ्यात. वैनगंगा आणि बाघ नदीपलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटात त्याचे भाऊबंद आहेत आणि जोड्या नदी ओलांडून ये-जा करतात. म्हणून एका तलावावरची मोजणी सारसाला लागू पडत नाही. पावसाळ्यापूर्वी, सगळ्या मुक्कामाच्या जागांवर एकाच पहाटे माणसे उभी करावी लागतात. पक्षी जागा सोडून उडाला की वेळ आणि दिशा लिहा, म्हणजे दोन ठिकाणी दिसलेली जोडी नंतर जुळवता येते. अंगावर तांबूस-तपकिरी झाक आणि मानेवर लाल रंग नसलेला पक्षी म्हणजे त्या वर्षाचे पिल्लू, ते वेगळ्या रकान्यात.

धानाच्या रोवणीनंतर जोडी बांधीत किंवा तलावाच्या काठच्या गवतात घरटे करते. अंडी बहुधा दोन, उबवायला साधारण महिना. घरट्याची पहिली बातमी कास्तकारच, म्हणजे शेतकरीच, देतो. त्याच्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) त्याच्याशिवाय पाऊल ठेवू नका. दोनशे मीटरवरून दुर्बिणीने पाहा, दहा मिनिटांत निघा, आठवड्यातून एकदाच जा. पक्षी उठून उभा राहिला तर तुम्ही जवळ गेलात, मागे फिरा. तुम्ही तुडवलेल्या वाटेने कुत्री घरट्यापर्यंत पोचतात आणि उठलेल्या पक्ष्याखालची अंडी कावळे पाहतात. घरट्याभोवतालचे पाणी किती, धान कोणत्या अवस्थेत, फवारणी कधी झाली, विजेची तार किती अंतरावर, हे कास्तकाराला विचारून लिहा. जागेचे जीपीएस वाचन किंवा छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकू नका. ते वनविभागाला द्या आणि कास्तकाराला सांगूनच द्या.

वही आणि संगणक

तळ्यावर पेन्सिलने लिहा, शाई पाण्याने पसरते. पानाच्या वरच्या ओळीत तारीख, सुरू आणि संपल्याची वेळ, ढग, वारा, मोजणाऱ्यांची नावे आणि तलावावर त्या वेळी चालू असलेले काम: जाळे, शिंगाडा तोडणी, म्हशी, मूर्ती विसर्जन. त्याच संध्याकाळी पानाचा फोटो काढा आणि आकडे संगणकावर चढवा. एक नोंद, एक ओळ. रकाने जोडू नका, रंग भरून अर्थ सांगू नका, खुणेसाठी वेगळा रकाना ठेवा. पसरलेल्या पाण्याचे क्षेत्र सेंटिनल-२ च्या मोफत उपग्रह चित्रांवरून काढता येते, पण जलपर्णीने झाकलेले पाणी त्यात जमिनीसारखे दिसते. पट्टीचा आकडा शेजारी ठेवूनच ते वापरा.

मेलेले पक्षी एकापेक्षा जास्त दिसले तर उघड्या हाताने उचलू नका. जाती, संख्या, जागा लिहा आणि त्याच दिवशी पशुसंवर्धन व वनविभागाला कळवा. डोंग्यात बसताना पोहता येत असले तरी लाइफ जॅकेट घाला. या तलावांचा गाळ पोहणाऱ्यालाही धरून ठेवतो. जंगलालगतच्या पाळीवर उजाडण्यापूर्वी एकट्याने जाऊ नका. पहाटेचा ऑक्सिजन मोजायचा असेल तर निदान तिघे जा, आणि वाटेत अस्वल किंवा वाघाचा ताजा माग दिसला तर त्या दिवसाच्या रकान्यात ‘मोजले नाही’ असे लिहून परत या.